ओझ्याच्या नावानं : अमेरिकी हेवी-ड्यूटी पिकअपच्या पिढ्या



संतसाहित्य, राज्यघटना, शिवकाळ असे विषय ऐकायची सवय असलेल्या या सभागृहात आज मी मालवाहू गाडीबद्दल बोलणार आहे. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्या सरांनी हयातभर मुलांना इंजिनं उघडायला आणि पुन्हा बसवायला शिकवलं; तेव्हा विषयाचा मला संकोच नाही. गाडी मात्र आपल्याकडची नाही. मार्केट यार्डात लागणारी बोलेरो पिकअप किंवा गल्लीबोळात शिरणारा छोटा हत्ती आपण रोज बघतो. मी बोलणार आहे ते अमेरिकेतल्या हेवी-ड्यूटी पिकअपबद्दल. फोर्डच्या एफ-२५० आणि एफ-३५०, रॅमच्या (पूर्वीच्या डॉजच्या) २५०० आणि ३५००, जनरल मोटर्सच्या शेव्हरोले सिल्व्हराडोच्या त्याच आकड्यांच्या गाड्या, असं हे घराणं आहे.

या गाड्यांच्या पिढ्या सांगायला बसलं की लोक अश्वशक्तीचे आकडे सांगतात. मीही थोडे सांगेन. पण माझं म्हणणं वेगळं आहे. या घराण्याला आकार दिला तो दोन गोष्टींनी. एक म्हणजे दुसऱ्या धंद्यातून उसनं आणलेलं डिझेल इंजिन, आणि दुसरी म्हणजे कायद्यानं वजनाच्या आकड्यावर मारलेली रेघ. गाडी कष्टकऱ्याची, म्हणून तिला सूट मिळाली. पुढे सूट मिळते, म्हणून गाडी वाढत गेली.

हौदा आणि आठ नट

सुरुवातीला पिकअप नावाची तयार वस्तू नव्हती. १९१७ साली फोर्डनं मॉडेल टीटी ही एक टनी चासी बाजारात आणली. तिच्यावर लाकडी हौदा बसवायचा की दुधाच्या कॅनची मांडणी करायची, ते घेणाऱ्यानं गावच्या सुताराकडून करून घ्यायचं. १९२५ मध्ये फोर्डनं मॉडेल टी रनअबाउटला कारखान्यातच पोलादी हौदा लावला आणि ती गाडी २८१ डॉलरना विकायला काढली. सुताराचं काम कारखान्यात गेलं, ती पहिली पिढी.

दुसरी पिढी युद्धानं दिली. दुसऱ्या महायुद्धात डॉजनं सैन्यासाठी चारही चाकांना जोर देणारे ट्रक बनवले. घरी परतलेल्या जवानांना शेतावर तशीच गाडी हवी होती. १९४६ मध्ये डॉजची पॉवर वॅगन आली. इंजिन ९४ अश्वशक्तीचं, म्हणजे आजच्या साध्या मोटारीइतकं. पण गाडीच्या इंजिनावरच बाकीची यंत्रं चालवायची सोय तिला होती. तिला वेगाची घाई नव्हती. चिखलातून ओंडका ओढून आणणं हे तिचं काम, आणि ते ती करायची. दोनच वर्षांनी, १९४८ मध्ये, फोर्डनं एफ-१ पासून एफ-८ पर्यंतची ओळ उभी केली. १९५३ मध्ये तिला आजची नावं मिळाली: एफ-१००, एफ-२५०, एफ-३५०. अर्धा टन, पाऊण टन, एक टन अशी ही वाटणी होती. आज त्या टनांना नावापलीकडे अर्थ उरलेला नाही. पाऊण टनी म्हणवणारी एफ-२५० एका टनाहून अधिक वजन सहज घेते.

मग हेवी-ड्यूटी गाडी ओळखायची कशी? बॉनेटवरची अक्षरं सोडा आणि मागच्या चाकाजवळ जाऊन बसा. साध्या पिकअपला पाच किंवा सहा नट असतात, हिला आठ. शिवाय चाकाच्या मध्यभागी लोखंडी हब बाहेर आलेला दिसतो. त्याचे बोल्ट काढले तर आतला ॲक्सल शाफ्ट हातानं बाहेर ओढून काढता येतो आणि गाडी तरी चाकावर उभीच राहते. कारण वजन शाफ्टवर नाही, ते बाहेरच्या नळीवर आणि तिच्या बेअरिंगवर आहे. शाफ्टनं फक्त पीळ द्यायचा. साध्या गाडीत हीच दोन्ही कामं एकटा शाफ्ट करतो. आपल्याकडच्या ट्रकला हीच रचना असते, हे इथल्या कोणत्याही फिटरला सांगावं लागणार नाही. म्हणजे हेवी-ड्यूटी पिकअप ही मोठी केलेली मोटार नव्हे. तो लहान केलेला ट्रक आहे. ट्रकचा मागचा ॲक्सल, जाड चासी, जास्त पाटे, आणि वर माणसांना बसायला केबिन.

रेघेच्या पलीकडे शंभर पाउंड

आता कायद्याकडे येऊ. गोष्ट कोंबडीपासून सुरू होते. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेची स्वस्त कोंबडी युरोपात जाऊ लागली, तेव्हा तिथल्या देशांनी तिच्यावर जकात वाढवली. उत्तरादाखल अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये काही आयात मालावर जकात बसवली. त्यात हलक्या ट्रकवर २५ टक्के होती. रोख फोक्सवॅगनच्या मालवाहू गाड्यांवर होता. बाकीची बरीच जकात काळाच्या ओघात गेली, ट्रकवरची राहिली. कोंबडीचा वाद संपून अर्धशतक लोटलं तरी ती आहे. अमेरिकी पिकअपला घरच्या अंगणात परदेशी प्रतिस्पर्धी फारसा उरला नाही. मोटारींच्या बाजारात जपानी कंपन्यांनी डेट्रॉइटला घाम फोडला. मोठ्या पिकअपच्या बाजारात तसं घडलं नाही, त्याचं हे एक मोठं कारण.

मग आला धुराचा कायदा. १९७५ च्या मॉडेलांपासून मोटारींना आणि हलक्या ट्रकना उत्प्रेरक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) बसवण्याची आणि शिसेविरहित पेट्रोल वापरण्याची वेळ आली. हलका ट्रक कोणता? ज्याचं मालासकट अनुज्ञेय वजन ६,००० पाउंडांच्या, म्हणजे सुमारे २,७२० किलोंच्या आत आहे तो. फोर्डनं काय केलं? एफ-१०० आणि एफ-२५० यांच्या मध्ये नवी गाडी आणली, जिचं वजन या रेघेच्या जरा वर होतं. तीच एफ-१५०. पुढे वर्षानुवर्षं अमेरिकेत सर्वाधिक खपणारी पिकअप म्हणून गाजली ती गाडी. तिचा जन्म कायद्याच्या फटीत झाला.

सरकारही झोपलेलं नव्हतं. १९७९ मध्ये रेघ ८,५०० पाउंडांवर, म्हणजे सुमारे ३,८५५ किलोंवर सरकली. मग गाड्याही सरकल्या. जनरल मोटर्सच्या पाऊण टनी गाडीची जी जड आवृत्ती निघाली, तिचं अनुज्ञेय वजन होतं ८,६०० पाउंड. रेघेच्या पलीकडे शंभर पाउंड! पुढे हमर एच-२ ही शहरात मिरवायची गाडी आली, तिचंही वजन तेच. मायलेजच्या कायद्यातही हीच रेघ होती: तिच्यापलीकडच्या गाडीला काचेवर मायलेजचा कागद लावावा लागत नव्हता, आणि कंपनीच्या सरासरी मायलेजमध्येही ती धरली जात नव्हती. हेवी-ड्यूटी पिकअपना इंधन-बचतीची सक्ती लागू झाली ती २०१४ च्या मॉडेलांपासून, म्हणजे मोटारींनंतर साडेतीन दशकांनी.

यात लबाडी होती का? सुरुवातीला नव्हती. ज्या शेतकऱ्याला रोज गुरं ओढायची आहेत, त्याच्याकडून मोटारीइतक्या मायलेजची अपेक्षा धरणं अन्याय होता. कायदा करणाऱ्यांनी त्याला वगळलं ते शहाणपणानंच. चूक एवढीच, की काम मोजायच्या ऐवजी त्यांनी वजन मोजलं. वजन वाढवणं सोपं असतं.

उसनं इंजिन

इतकी वर्षं या गाड्या पेट्रोलवर चालत. १९७० च्या दशकात तेल महागलं तेव्हा सगळ्यांचं लक्ष डिझेलकडे गेलं. जनरल मोटर्सनं १९७८ मध्ये ५.७ लिटरचं डिझेल आणलं. ते कंपनीच्याच पेट्रोल इंजिनाच्या मापांवर बेतलेलं होतं, आणि हेडच्या बोल्टांची मांडणीही तीच ठेवली होती. डिझेलमधला दाब पेट्रोलच्या कितीतरी जास्त. बोल्ट ताणले गेले, गॅस्केट उडाली, आणि त्या काळच्या डिझेलमधलं पाणी वेगळं करायची सोय नसल्यामुळे पंपही गेले. कित्येक अमेरिकी गिऱ्हाइकांच्या मनातून डिझेल उतरलं ते या एका इंजिनामुळे.

पिकअपला धडा मिळाला: डिझेल घरी घडवण्यापेक्षा ज्यांचं आयुष्य डिझेलमध्ये गेलं त्यांच्याकडून घ्यावं. फोर्डनं १९८३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर या ट्रॅक्टर-ट्रक बनवणाऱ्या कंपनीकडून ६.९ लिटरचं इंजिन घेतलं. आणि १९८९ मध्ये डॉजनं कमिन्सचं घेतलं. ही खरी कलाटणी.

त्या वेळी डॉजच्या पिकअपचा साचा १९७२ चा, म्हणजे गाडी बाजारात मागे पडलेली. तिच्या बॉनेटखाली कमिन्सचं ५.९ लिटरचं, सहा सिलिंडर एका रांगेत असलेलं बी मालिकेचं इंजिन बसवलं. शेतीची आणि बांधकामाची यंत्रं, मध्यम ट्रक अशा कामांसाठी ते आखलेलं. वजन जवळजवळ अर्धा टन. अश्वशक्ती फक्त १६०, पण ओढ (टॉर्क) ४०० पाउंड-फूट, म्हणजे सुमारे ५४० न्यूटन-मीटर, आणि तीही इंजिन कमी फेऱ्यांत रमतगमत फिरत असताना. टायमिंगला पट्टा नाही, साखळी नाही. गिअरला गिअर भिडलेला. डिझेल सोडणारा पंप पूर्णपणे यांत्रिक. बॅटरीकडून त्याला लागे तो डिझेलचा मार्ग उघडा ठेवण्यापुरता प्रवाह, बाकी कसलाच संगणक नाही. जुन्या गाडीत दहा-वीस वर्षं पुढचं काळीज बसवलं आणि डॉजचा बुडता धंदा तरला.

या इंजिनाचा एक दोष मला त्याच्या गुणांइतकाच शिकवणारा वाटतो. पुढच्या बाजूला टायमिंग गिअरची पेटी इंजिनाच्या ब्लॉकवर नेमकी बसावी म्हणून एक पोलादी पिन दाबून बसवलेली असे, करंगळीच्या पेराएवढी. तिला अडवून धरणारं समोर काही नव्हतं. वर्षानुवर्षांच्या थरथरीनं ती एखाद्या गाडीत हळूहळू बाहेर सरके आणि फिरत्या गिअरमध्ये पडे. मग पेटी फुटे, कधी सगळं इंजिनच जाई. उपाय काय? शेजारच्या बोल्टखाली एक छोटी पट्टी अडकवायची, पिनेच्या तोंडावर येईल अशी. लाख मैल चालणारं इंजिन एका पट्टीवाचून मरत होतं. मेकॅनिकांनी तो इलाज शोधला, एकमेकांना शिकवला, आणि इंजिनाची कीर्ती टिकवली.

इथे आपला संबंध येतो. कमिन्सचं आणि महाराष्ट्राचं नातं जुनं आहे. १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली. पुढे १९९३ मध्ये टाटा कमिन्स स्थापन झाली. जमशेदपूरला आणि नंतर सातारा जिल्ह्यातल्या फलटणला तिचे कारखाने आले. तिथे बनली ती याच बी मालिकेची इंजिनं. टेक्ससमध्ये घोड्यांचा ट्रेलर ओढणारी डॉज आणि नाशिकचा कांदा घेऊन कोलकात्याला निघालेला टाटाचा ट्रक, दोघांच्या पोटात एकाच आराखड्याचं ५.९ लिटरचं इंजिन असू शकत होतं. फरक एवढाच, की आपल्याकडे ते एका कुटुंबाचं पोट भरणाऱ्या ट्रकमध्ये होतं आणि तिकडे दारात उभ्या असलेल्या खासगी गाडीत.

हौद्यातून हूकवर

डिझेलची ओढ मिळाल्यावर ओझ्याची जागा बदलली. पूर्वी माल हौद्यात असे. आता तो मागच्या ट्रेलरवर गेला. हौद्याच्या मधोमध, मागच्या ॲक्सलच्या वर, गोळा किंवा जबडा बसवायचा आणि त्यावर ट्रेलरची मान टेकवायची. केबिन चार दारांची झाली, तसा आठ फुटांचा हौदा अनेकांनी पावणेसात फुटांवर आणला. माल आत ठेवायचाच नाही, तर लांबी कशाला?

इथे एक हिशेब करून बघण्यासारखा आहे. जाहिरातीत लिहिलेलं असतं, अमुक गाडी इतके हजार पाउंड ओढते. समजा १५,००० पाउंडांचा, म्हणजे सुमारे ६,८०० किलोंचा ट्रेलर आहे. अशा ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा मानेतून गाडीवर येतो, म्हणजे ३,००० पाउंड. आता पाऊण टनी गाडीचं अनुज्ञेय एकूण वजन धरा १०,००० पाउंड. तिच्यावर जड डिझेल इंजिन, चार दारं, चामड्याच्या खुर्च्या, काचेचं छप्पर चढवलं की तिचं स्वतःचंच वजन साडेसात हजारांच्या पुढे जातं. उरलं काय? अडीच हजारांहून कमी. माणसं अजून बसायचीच आहेत. गाडी ओढेल, पण तिचे पाटे आणि टायर कायद्यानं ओव्हरलोड. हीच गाडी साध्या पेट्रोल इंजिनाची, दोन दारांची घेतली तर हौद्यात जास्त वजन घेते. दिखाऊ गाडी जितकी चढत्या किमतीची, तितकी तिची उचलायची ताकद कमी, असा उलटा प्रकार यात आहे.

ओढण्याचे आकडेही अनेक वर्षं ज्याचे त्यानं ठरवायचे असत. २००८ मध्ये ऑटोमोबाइल अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेनं त्यासाठी जे-२८०७ हे मानक छापलं. त्यातली कसोटी आपल्या घाटात गाड्या चालवणाऱ्यांना लगेच कळेल. ॲरिझोनात डेव्हिस धरणापासून वर चढणारा एक रस्ता आहे, ११.४ मैलांचा. हवा ३८ अंशांच्या वर, एसी पूर्ण चालू, मागे दावा केलेला ट्रेलर. आणि चढताना वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. मागे जोडचाकं असलेल्या जड गाडीला ३५ मैलांची सवलत. शिवाय १२ टक्के चढावर गाडी थांबवून, पुढे आणि मागे, पाच-पाचदा उठवून दाखवायची. मानक ऐच्छिक होतं. टोयोटानं ते आधी पाळलं; फोर्ड, जनरल मोटर्स आणि रॅम या डेट्रॉइटच्या तिघांना त्यासाठी २०१५ च्या आसपासपर्यंत वेळ लागला.

चढण्याइतकंच उतरणं महत्त्वाचं. म्हणून २००७ पासून कमिन्सच्या ६.७ लिटर इंजिनात टर्बोचीच पाती आवळून धूर अडवायचा आणि इंजिनाकडूनच गाडी रोखायची, ही एग्झॉस्ट ब्रेकची सोय आली. खंबाटकी किंवा कसारा उतरताना ब्रेक तापलेल्या ट्रकचा वास ज्याला माहीत आहे, त्याला या एका सोयीची किंमत सांगायला नको.

या जोडगाडीनं एक नवा छोटा धंदाही जन्माला घातला. गाडी आणि ट्रेलर मिळून अनुज्ञेय वजन २६,००० पाउंडांच्या आत ठेवलं, तर तिकडे चालकाला व्यावसायिक परवाना लागत नाही. एक पिकअप, एक लांब ट्रेलर, आणि तेलविहिरीवर तातडीनं लागणारे पाइप पोचवायचे. याला तिकडे हॉटशॉट म्हणतात. वेल्डिंगवाला आपलं मशीन हौद्यात बसवून फिरतो, घोड्यांना नाल ठोकणारा आपली भट्टी. रेघेचा फायदा खऱ्या कष्टकऱ्यालाही होतो तो असा, आणि हे विसरून या गाड्यांना नावं ठेवणं बरोबर नाही.

शर्यत आणि धूर

१९९९ च्या मॉडेलात फोर्डनं एफ-२५० आणि एफ-३५० ला एफ-१५० पासून पूर्ण वेगळं काढलं आणि सुपर ड्यूटी हे नाव दिलं. अंगकाठी, चासी, बॉनेट, सगळं स्वतंत्र. २००१ मध्ये जनरल मोटर्सनं इसुझूबरोबर ६.६ लिटरचं ड्युरामॅक्स आणलं, जोडीला ॲलिसनचा गिअरबॉक्स. मग शर्यत लागली. १९८९ मध्ये ४०० पाउंड-फूट होते. २०१९ मध्ये रॅमनं १,००० गाठले. २०२३ मध्ये फोर्डनं १,२०० आणि ५०० अश्वशक्ती. एफ-४५० चा ओढायचा दावा ४०,००० पाउंडांवर, म्हणजे अठरा टनांवर गेला.

घाईत घेतलेल्या उड्या फसल्याही. फोर्डला नॅव्हिस्टारनं (पूर्वीच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरनं) पुरवलेलं २००३ चं ६ लिटरचं डिझेल हेड गॅस्केट आणि कूलरच्या दुखण्यांनी गाजलं. ते उघडायला जागा इतकी कमी, की अनेक गॅरेजांत गाडीची अख्खी केबिन लिफ्टवर उचलून बाजूला काढत. दोन्ही कंपन्या कोर्टात गेल्या, २००९ मध्ये तडजोड झाली, आणि २०११ पासून फोर्डनं डिझेल घरीच बनवायला घेतलं.

तोवर धुराचा कायदा या गाड्यांपर्यंत येऊन पोचला होता. २००७ पासून काजळी धरणारा फिल्टर, २०१० नंतर युरियाचं द्रावण. गाड्या खरोखर स्वच्छ झाल्या. पण मालकांनी काय केलं? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २०२० मध्ये अंदाज मांडला, की दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची धूर रोखणारी यंत्रणा मालकांनी काढून टाकली होती. आणि प्रश्न मालकांपुरता राहिला नाही. २०१३ ते २०२३ च्या सुमारे साडेनऊ लाख रॅम गाड्यांच्या इंजिनांत धुराची चाचणी चुकवणारी किंवा सरकारला न सांगितलेली सॉफ्टवेअर होती, या आरोपावरून कमिन्सनं १६७.५ कोटी डॉलरचा दंड भरायचं कबूल केलं. अमेरिकेच्या हवा-कायद्याखालचा हा सर्वांत मोठा दिवाणी दंड. कंपनीनं गैरकृत्य केल्याचं मान्य केलं नाही, हेही नोंदवायला हवं. पण ज्या नावाला मेकॅनिकांनी एका पट्टीनं जपलं, त्याच नावावर हा डाग आला.

धुराबरोबर उंचीही वाढली. कन्झ्युमर रिपोर्ट्सनं मोजलेल्या २०१७ च्या एफ-२५० चं बॉनेट जमिनीपासून ५५ इंचांवर होतं, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या डोक्याएवढं. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेनं २०२३ मध्ये दाखवलं, की ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाडीनं पादचाऱ्याला ठोकरलं तर मृत्यूची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त. आठ नटांचा ॲक्सल ओझ्यासाठी लागतो. उभ्या भिंतीसारखं नाक तितकं लागत नाही. त्यात रुबाबाचा वाटा मोठा.

रेघ कशावर मारायची?

अमेरिकेला आपण हसू नये. २००६ च्या अर्थसंकल्पात आपण चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या मोटारींवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं. हेतू चांगला होता. दोन वर्षांत पुण्याच्या टाटांनी डिकी छाटलेली इंडिगो सीएस आणली, आणि मग सगळ्याच कंपन्यांनी चार मीटरांत बसणाऱ्या सेडान आणि उंच एसयूव्ही काढल्या. तिकडे गाडी रेघेच्या वर वाढली, इकडे रेघेच्या आत आखडली. दोन्हीकडे अभियंत्यांनी कायद्याचं पालनच केलं. दोष त्यांचा नाही.

माझं सांगणं एवढंच आहे. यंत्राला सूट द्यायची असेल तर ती त्याच्या कामाला द्या, मापाला देऊ नका. काम मोजणं अवघड आहे, हे मान्य. पण आपल्याकडे त्याची चौकट आधीच आहे. आपण गाडीची नोंदणी परिवहन आणि खासगी अशी वापरावरून करतो. मालवाहू गाडीला सहसा परमिट आणि ठरावीक मुदतीनं फिटनेसची तपासणी लागते. अमेरिकेत हा भेद पिकअपच्या बाबतीत फारच पातळ आहे, आणि म्हणूनच तिथे नालबंदाची गाडी आणि एक लाख डॉलरच्या वर जाणारी मिरवायची गाडी एकाच सवलतीच्या छत्राखाली उभ्या राहिल्या. उद्या आपल्याकडे मायलेजचे, विजेवरच्या मालवाहू गाड्यांचे, जुने ट्रक मोडीत काढण्याचे नियम कडक होत जातील. त्या प्रत्येक मसुद्यात कुठेतरी किलोंचा किंवा मिलिमीटरचा आकडा असेल. तो वाचणाऱ्या प्रत्येकानं, विशेषतः समोर बसलेल्या तरुण अभियंत्यांनी, आधी स्वतःला विचारावं: या आकड्याच्या शंभर पाउंड पलीकडे मी काय बनवलं असतं? त्याचं उत्तर सुचायला पाच मिनिटंही लागली नाहीत, तर तो नियम परत पाठवा.